चारचं शून्य

आमच्या प्रयोगशाळेचं शून्य म्हणजे मी. ही बढाई नाही, नोंदवहीत तसं लिहिलेलं आहे. गेली एकतीस वर्षं दर सहा महिन्यांनी माझ्या हातातून रक्त काढतात आणि बाकीच्यांचं रक्त त्याच्याशी ताडून बघतात. बाकीचे म्हणजे किरणांच्या आसपास पोट भरणारे लोक. कुणाला वाजवीपेक्षा जास्त किरण लागल्याचा संशय आला की त्याच्या रक्ताची नळी आमच्याकडे येते. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला कळत नाहीत, पण पेशीतली गुणसूत्रं मोडतात. मोडलेली टोकं घाईघाईत भलत्याच टोकांना चिकटतात. शहाण्या गुणसूत्राला एक कंबर असते; असल्या चुकीच्या सोयरिकीतून दोन कमरांचं एक तयार होतं. आम्ही त्याला जोडगोळी म्हणतो. हजार पेशी बघायच्या, प्रत्येकीतली सेहेचाळीस मोजायची आणि जोडगोळ्या किती ते लिहायचं, एवढंच काम.

माणूस खोटं बोलेल, मालक तर बोलेलच, पण रक्त खोटं बोलत नाही. हे वाक्य आमच्या जुन्या साहेबांचं. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर चौकटीत लावलंय. मी रोज त्याच्याखालीच चपला काढायची. रक्त खोटं बोलत नाही, हे खरंच आहे. मोजणारी बोलते.

काम वाटतं तितकं सोपं नाही, हेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई काय बेचाळीस आणि चार सेहेचाळीस करत बसली जन्मभर. रक्त दोन दिवस उबेत वाढवायचं. पेशी दुभंगायच्या बेतात आल्या की औषध घालून जागच्या जागी थांबवायच्या. मग पाण्याने फुगवायच्या आणि काचेच्या पट्टीवर वरून थेंब सोडायचा, की गुणसूत्रं पसरतात. मग जांभळा रंग, आणि मग मायक्रोस्कोप. दोन साधी गुणसूत्रं एकमेकांवर आडवी पडली तरी जोडगोळीसारखी दिसतात. खरी कुठली, खोटी कुठली, हे कळायला वर्ष जातं. मला ती नजर होती. काकूंची नजर म्हणजे सोनाराचा काटा, असं सगळे म्हणायचे. मी वरवर "चला, कामाला लागा" म्हणायची आणि आतून फुगायची.

स्लाइडवर नाव नसतं, क्रमांक असतो. समोर कोण आहे ते मोजणाऱ्याला कळू नये म्हणून. शून्याची स्लाइड, म्हणजे माझी, तीही क्रमांक लावून त्यात मिसळलेली असते. पण मी कसली लपतेय! माझ्या एका छोट्या गुणसूत्राच्या टोकाला जरा मोठा गोंडा आहे. त्यात बिघाड काही नाही. एखाद्या घराण्यात नाकं मोठी असतात, तसा आमच्या घराण्यात हा. तो दिसला की पोरी मायक्रोस्कोपवरूनच ओरडायच्या, "काकू आल्या!" मीही हसायची. एकदा साहेबांनी ऐकलं, तेही हसले. आपण इथे नियमाचा गळा दाबतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आता शून्याबद्दल. पुस्तकं सांगतात की ज्याला कधी किरण लागले नाहीत अशा माणसाच्या हजार पेशींत एखादी जोडगोळी निघते, फार तर दोन. आमचं शून्य होतं चार. मी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी साहेब, मी आणि शिपाईमामा, अशा तिघांचं रक्त मोजून ते काढलं होतं.

"साहेब, चार कसे?" मी तेव्हा विचारलं होतं.

"प्रत्येक ठिकाणची हवा वेगळी, पाणी वेगळं," साहेब म्हणाले. "आपल्याकडे जे येईल ते आपलं शून्य. दुसऱ्याचं उसनं कशाला घ्यायचं?"

मला पटलं. पटलं म्हणजे काय, मी सत्तावीस वर्षांची होते आणि साहेब साहेब होते. त्यांनी त्यावर कुठल्याशा परिषदेत निबंध वाचला, टाळ्या मिळाल्या, आणि चार हा आकडा आमच्याकडे कुलदैवत होऊन बसला. कुणाच्या रक्तात चारच्या आसपास निघाल्या की 'फरक आढळला नाही' असं लिहून द्यायचं.

नवी मुलगी आली की तिची पहिली स्लाइड तिच्याच रक्ताची, ही आमची पद्धत. हजार पेशी मोजून ती यायची आणि म्हणायची, "काकू, एक सापडली." मी म्हणायची, "परत बघ. चार यायला हव्यात." दुसऱ्यांदा दोन यायच्या. तिसऱ्यांदा बरोबर चार. मग मी तिच्या वहीत लिहायची, 'नजर तयार झाली.'

एकीने मात्र मानलं नाही. नऊ वर्षं झाली त्याला. तिने तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा म्हणाली, "एकच आहे." चौथ्यांदा मी आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही बघा ना." मी बघितलं नाही. माझ्यापुढे वीस नळ्या खोळंबल्या होत्या आणि कालची पोर मला बघा म्हणत होती! तिचं नावच पडलं 'एकच'. जेवणाच्या सुट्टीत तिला कुणी विचारायचं, "डबे किती आणलेस? एकच?" मीही त्या हसण्यात होते. वहीत मी लिहिलं, 'नजर कच्ची. या कामाला उपयोगाची नाही.' महिन्याभरात तिला काढून टाकलं.

हे सगळं मला आठवायचं काही कारण नव्हतं. माझा धाकटा भाऊ आमच्याच प्रयोगशाळेच्या दारात आला म्हणून आठवलं.

धाकटा पाइपांचे फोटो काढायचा. जमिनीखालून जाणाऱ्या जाड लोखंडी पाइपांचं वेल्डिंग आतून पोकळ राहिलं नाही ना, हे बघायला किरणांचा एक दाणा लांब नळीतून पुढे ढकलतात, पलीकडे फिल्म लावतात, आणि फोटो झाला की दाणा परत जड पेटीत ओढून घेतात. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी दाणा परत आलाच नाही, नळीतच अडकला. किरण मोजायचं यंत्र आठवडाभर बंद पडलेलं. धाकट्याने नळी सोडवली, उजव्या हातात गुंडाळली आणि गाडीपर्यंत चालत आला. छातीवर किरण टिपणारा बिल्ला असता तर त्याच्यावर उमटलं असतं. पण मुकादम सगळ्यांचे बिल्ले गाडीतल्या डब्यात ठेवून द्यायचा, कारण बिल्ला काळा पडला की माणसाला कामावरून उठवावं लागतं आणि काम अडतं. धाकट्याला हे माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. बिल्ला उन्हात खराब होतो, असं एकमेकांना सांगायचं आणि पुढे चालायचं.

पंधरा दिवसांत त्याची बोटं भाजल्यासारखी झाली. चार महिन्यांनी दोन कापावी लागली. कंपनी म्हणाली, गरम पाइपाला हात लावला, त्याला आम्ही काय करणार? बिल्ला बघा, कोरा आहे. चोराच्या उलट्या बोंबा. दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. त्याच्या औषधपाण्याचं, भरपाईचं, हाताला झेपेल अशा दुसऱ्या कामाचं, सगळंच त्या एका प्रश्नावर अडलं होतं: किरण लागले की नाही? शेवटी कामगार न्यायालयाने सांगितलं, रक्त तपासा. आणि रक्त तपासणाऱ्या आम्ही.

मी मॅडमकडे गेले. साहेब निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी या आल्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, हुशार, आणि काम काढून घ्यायचं असलं की 'काकू' म्हणणाऱ्या.

"मॅडम, या खेपेला मला बाजूला ठेवा. माझा सख्खा भाऊ आहे त्यात."

"काकू, क्रमांक मी स्वतः घातलेत. तुम्हाला कळणारच नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही नाही मोजलंत तर काय, त्या दोन पोरींच्या सहीवर न्यायालय चालवायचं?"

ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सात नंबरची स्लाइड लावली. दुसऱ्याच पेशीत गोंडा. मी मनात म्हटलं, आले मी. शून्याची स्लाइड आहे, मला मोजायची नाही, काढून ठेवू बाजूला. पण नजरेला सवय असते, ती फिरतेच. बाईच्या पेशीत अगदी बारकी अशी चार असतात. पुरुषाच्या पाच असतात. आमच्या कामात ती वेगळी मोजायची गरज नसते, एकूण सेहेचाळीस भरली की झालं. इथे पाच होती. पुढच्या पेशीत गोंडा, आणि पाच. त्याच्या पुढच्या पेशीतही पाच.

हा धाकटा होता. आईने आम्हा दोघांना वाटून दिलेला तो गोंडा काचेवर जांभळा होऊन पडला होता. नियम असा की मी तिथेच उठायचं, स्लाइड मॅडमच्या हातात द्यायची आणि सांगायचं की मला ओळख पटली. मी खुर्ची पुढे ओढली आणि मोजत बसले.

दोन दिवस लागले. प्रत्येक जोडगोळी कुठल्या जागी आहे ते मायक्रोस्कोपच्या उभ्या-आडव्या पट्टीवर वाचून वहीत लिहिलं, म्हणजे कुणालाही परत तिथेच जाऊन बघता यावं. हजार पेशींत नऊ जोडगोळ्या. वर्षं जातात तशा त्या रक्तातून ओसरत जातात. दोन वर्षांनंतर, मार मुख्य हातावर बसलेला असताना, अजून नऊ! मला रडू आलं आणि त्याच वेळी आनंद झाला. सख्ख्या भावाच्या रक्तात मोडतोड सापडली म्हणून आनंद! असला आनंद वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

एकाच रक्ताच्या स्लाइडी तिघींनी वेगवेगळ्या मोजायच्या आणि मग आकडे एकत्र करायचे, अशी रीत आहे. दोघी पोरींचं मोजून झालं होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सात नंबरला काय गं?"

"सात? चार," उंच पोरगी म्हणाली. "ते तुम्हीच की काकू. गोंडा दिसला."

"माझ्याही चारच," दुसरी म्हणाली.

"आणि बारा नंबर?"

"तेही तुम्हीच. मॅडमनी तुम्हाला दोनदा घातलंय या वेळी. आपली परीक्षा घेत असतील."

"अगं, पण नीट मोजलंत ना?"

"मोजलं की!" ती जरा फुरंगटली. "पाच-सहा संशयी वाटल्या, पण मग त्या एकमेकांवर पडलेल्या म्हणून सोडल्या. तुमच्या चारच येतात ना काकू. तुम्हीच तर शिकवलंत."

गोंडा दिसला म्हणजे शून्य, शून्य म्हणजे चार. कमी सापडल्या तर शोधायच्या, जास्त सापडल्या तर सोडायच्या. धाकट्याच्या रक्तात त्यांनी मला मोजून टाकलं होतं.

मग डोक्यात दुसरा किडा शिरला. या पोरी धाकट्यात चार बघू शकतात, तर माझ्यात तरी काय बघत होत्या? शून्याने स्वतःची स्लाइड मोजायची नाही, असा नियम, म्हणून एकतीस वर्षांत मी स्वतःला कधी मोजलंच नव्हतं. मी बारा नंबर लावला. हजार पेशी, दोन जोडगोळ्या. परत मोजलं. दोनच.

आमच्याकडे जुन्या स्लाइडी फेकत नाहीत. मागच्या खोलीत लोखंडी कपाटात लाकडी ट्रे आहेत, वर्षावार. रंग फिकटलेला असतो, पण वाचता येतो. मी पहिल्या शून्याच्या स्लाइडी काढल्या. तरुणपणच्या माझ्यात खरोखर चार होत्या. मामांच्यात पाच. साहेबांच्यात तीन. मग मी नऊ वर्षांपूर्वीचा ट्रे ओढला. 'एकच'ची स्लाइड अजून तिथे होती; तिने कोपऱ्यावर पेन्सिलीने तारीख घातली होती, टापटीप अक्षरात. एका हजारात एक. मी तीनदा मोजलं, तिने मोजलं तसं. एकच.

आणि मग मला ती भिंत आठवली. पहिली पाच वर्षं किरणांचं यंत्र आमच्या शेजारच्या खोलीत होतं. किती किरणांना किती जोडगोळ्या होतात याचा तक्ता करायला आम्ही रक्ताच्या नळ्या मुद्दाम त्याच्याखाली ठेवायचो. मधली भिंत साध्या विटांची. माझं टेबल त्या भिंतीला टेकलेलं. मामांचं स्टूल तर तिथेच. साहेब आत-बाहेर असायचे, म्हणून त्यांच्यात तीन. पुढे तपासणीवाले आले, त्यांनी कपाळावर हात मारला, आणि यंत्र आवाराच्या टोकाला जाड काँक्रीटच्या खोलीत गेलं. यंत्र गेलं, पण शून्य तेच राहिलं. आम्ही स्वतःच भाजलेली माणसं होतो आणि भाजणं म्हणजे काय हे स्वतःवरून ठरवत होतो. आडात तेच, पोहऱ्यात तेच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ हजारपटीने मोठं करून बघायचा माझा धंदा, आणि माझ्या डोळ्यात अख्खं मुसळ होतं.

'एकच' आता इस्पितळासमोरच्या एका लहानशा रक्त-लघवी तपासणीच्या दुकानात काम करते. मी गेले तेव्हा ती नळ्यांना चिठ्ठ्या लावत होती. मला बघून ती उठली नाही.

"किती होत्या?" मी काही बोलायच्या आतच तिने विचारलं.

"एक."

"तीनदा सांगितलं होतं मी तुम्हाला."

"चुकलं माझं."

तिने पुढची चिठ्ठी लावली. "घरी खरं सांगता आलं नाही तेव्हा. बाबांना म्हटलं, डोळे कमजोर आहेत म्हणून काढलं. ते बिचारे मला चष्मेवाल्याकडे घेऊन गेले. नंबर नव्हताच. मी त्याला खुणेने सांगितलं, साध्या काचा घाल. वर्षभर घालून हिंडले, काकू, साध्या काचांचा चष्मा." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आज कसं काय बघावंसं वाटलं?"

"माझा भाऊ," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. एवढंच. तेव्हाच्या मोजणीचं सगळं लिहून द्यायला मात्र ती तयार झाली.

मी मॅडमसमोर सगळं ठेवलं: वही, ट्रे, 'एकच'चं पत्र, सात नंबरच्या नऊ जागा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"काकू, एक विचारते. रागावू नका. नऊ होत्या, की बहिणीला नऊ दिसल्या?"

"जागा लिहिल्यात. बघा."

त्यांनी बघितलं. पहिली जागा, दुसरी, तिसरी. चौथ्या जागेला त्यांनी हात थांबवला आणि दिवा बंद केला.

"गोंडा दिसल्यावर तुम्ही उठायला हवं होतं. तुम्ही उठला नाहीत. तुमची मोजणी बाद करावी लागेल मला."

"मग राहिलं काय?"

"चार आणि चार."

"मॅडम, त्या चार माझ्या आहेत! माझ्यासुद्धा नाहीत आता. त्या कुणाच्याच नाहीत."

"हळू बोला." त्यांनी दार लोटलं. "तुमच्या भावाचा आजचा कागद धरून नऊशे चौदा लोकांना आपण 'फरक आढळला नाही' असं लिहून दिलंय. शून्य एकावर आणलं तर यातले किती उलटतील? दोनशे? चारशे? त्यातले किती आज जिवंत आहेत? आणि मोजणारी म्हणून प्रत्येक कागदावर सही कुणाची आहे, काकू?"

माझी होती. त्या वेळी मी भांडायला हवं होतं, टेबल उलटायला हवं होतं. पण मला त्या शेकडो सह्या दिसत होत्या, आणि प्रत्येक सहीच्या वेळी हातात असलेलं माझं ते निळं पेन.

"समिती नेमू आपण शून्यासाठी," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वर्षी."

त्याच संध्याकाळी अहवाल रवाना झाला. फरक आढळला नाही.

आठ दिवसांनी मी धाकट्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. भावजय भाजी चिरत होती. धाकट्याने कागद डाव्या हाताने माझ्यापुढे केला. उजवा तो हल्ली मांडीखाली दाबून बसतो, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. मी पाहुणी कधी झाले कुणास ठाऊक.

"मिळाला निकाल," तो म्हणाला. "वकील म्हणतो, अपील कर. मी म्हटलं, नको. माझी ताई आहे तिथे. इकडचा काटा तिकडे होऊ देणार नाही ती. तिथून नाही आलं म्हणजे नाही." तो थोडा हसला. "पाइपच गरम असेल, ताई. मला तरी कुठे धड आठवतंय? उगीच दोन वर्षं लोकांना शिव्या घातल्या."

कंपनी म्हणाली, मुकादम म्हणाला, न्यायालय म्हणालं, तेव्हा ज्याने मानलं नाही, तो माझ्या भरवशावर स्वतःलाच खोटं ठरवून बसला होता. मला ते बघवेना. मी सगळं सांगितलं. भिंत, चार, पोरी, गोंडा, नऊ, नऊशे चौदा. भावजयीचा हात विळीवर थांबला होता.

त्याने डाव्या हाताने कागदाची घडी घातली.

"हा गोंडा माझ्यात नसता तर?" त्याने विचारलं.

मी उत्तर द्यायला नको होतं. पण त्या दिवशी मला आणखी एक खोटं जमण्यासारखं नव्हतं. "तर पोरींनी तुला परका समजून मोजलं असतं. नऊ लिहिल्या असत्या. चारच्या पुढेही नऊ उठून दिसल्या असत्या. तू जिंकला असतास."

"आणि माझ्या आधीचे ते नऊशे तेरा?"

"त्यांचं मला कधीच कळलं नसतं."

"त्यांच्यापैकी कुणासाठी कपाट उघडून बघितलं होतंस?"

"नाही."

त्याने मान हलवली. रागावला असता तर मला सोसलं असतं. तो नुसता विचार करत होता, एखादं जड सामान जिन्यावरून कसं उतरवायचं याचा करतात तसा.

"लिही मग," तो म्हणाला. "न्यायालयाला लिही, वरच्या कचेरीला लिही. त्या सगळ्यांचं लिही. फक्त माझा क्रमांक त्यात घालू नकोस."

"अरे, असं कसं? तुझ्यामुळे तर—"

"माझा क्रमांक दिसला की म्हणतील, बहिणीने भावासाठी शून्य खाली ओढलं. सगळी यादी केराच्या टोपलीत जाईल. मला वगळ, मग बघतील तरी."

भावजयीने विळी बाजूला सारली. "म्हणजे सगळ्या जगाचं उघडून बघणार, आणि आमचं तेवढं मिटवून ठेवणार?"

"तू गप्प बस गं."

"का गप्प बसू? दोन वर्षं मी यांना हाताने भरवते. वन्सं, तुम्हीच सांगा. शून्य तुमचं, नजर तुमची, गोंडा तुमच्या घराण्याचा. सगळं तुमचंच. बोटं तेवढी यांची."

तिने परत विळी ओढली आणि चिरायला लागली. चहाचं कुणी विचारलं नाही, आणि मी त्या घरातून पहिल्यांदाच तशी उठले.

पत्र दीड पानांत झालं. यादीला अकरा दिवस लागले. नोंदवह्या घेऊन मी खिडकीपाशी बसायची आणि एकेक क्रमांक उतरवायची: वर्ष, मोजलेल्या पेशी, सापडलेल्या जोडगोळ्या, खाली माझी सही. तीन, चार, दोन, पाच, तीन. प्रत्येक आकड्यामागे एक माणूस आमचा कागद हातात घेऊन, आपल्यालाच काहीतरी भास झाला असेल असं म्हणत घरी गेला होता. पोरी माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. मॅडम दोनदा डोकावून गेल्या.

बाराव्या दिवशी शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर आले. खालून दुसरी ओळ एका दवाखान्यातल्या नर्सची होती, तीन जोडगोळ्या. ती उतरवली. शेवटची ओळ सात नंबरची होती. चार, चार, आणि त्यापुढे माझे नऊ, लाल शाईने खोडलेले. ती ओळ मी सोडली, एकूण नऊशे तेरा असं लिहिलं आणि खाली सही केली.